माळावर एकट्यानं राहायचं असेल तर

सगळं सोडून डोंगरात राहायला जायचंय, असं म्हणणारी माणसं हल्ली माझं शेत विचारत विचारत येतात. कुणी भाच्याचा मित्र असतो, कुणी पुण्याच्या कंपनीतला, मागं एक बँकेतल्या बाईही येऊन गेल्या. चहा होतो, मग मोबाईलमधली यादी निघते. तंबू, चाकू, चकमक, दोरखंड. पाणी कुठून आणणार विचारलं की म्हणतात, एखादा झरा बघू. आमच्या बालाघाट डोंगरातला झरा दिवाळीनंतर महिनाभर टिकला तरी पुष्कळ.

मी बीड जिल्ह्यात, अंबाजोगाई आणि धारूरच्या मधल्या डोंगरपट्ट्यात राहते, गावापासून अडीच-तीन किलोमीटरवर, शेतातल्या पत्र्याच्या शेडात, एकटी. नोकरीभर आरोग्यसेविका होते, त्यामुळं गाव आणि तांडा मला अजून सिस्टरच म्हणतात. रिटायर झाल्यावर मुलाकडे नवव्या मजल्यावर राहिले. लिफ्टमध्ये अनोळखी माणसांकडे बघून रोज हसायचं काही जमेना, परत आले. एकटं राहता येतं आणि मला ते आवडतं. पण त्याला जे लागतं ते या मुलांच्या यादीत कधी नसतं, आणि प्रत्येकाला तोंडी सांगून घसा बसतो. म्हणून हे लिहून ठेवतेय.

जमीन कुणाची ते आधी बघा

मराठवाड्यात जंगल फार थोडं. किनवटचा सागवानी पट्टा, कन्नडकडं गौताळा, येडशीचा रामलिंग घाट, पाटोद्याजवळ नायगावचं मोरांचं अभयारण्य. उरलेला डोंगर म्हणजे बोडका माळ, तरवड-हेकळीची झुडपं आणि कुणाच्या तरी शेळ्या. जिथं खरं जंगल आहे तिथं मुक्काम ठोकता येत नाही. राखीव वनात झोपडी घातली तर १९२७ चा वन कायदा आडवा येतो, अभयारण्यात परवानगीशिवाय राहिलात तर १९७२ चा वन्यजीव कायदा. काही हुशार लोक २००६ चा वनहक्क कायदा पुढं करतात. तो १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून जंगलात राहणाऱ्या आदिवासींसाठी आहे. इतरांना तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा रहिवास दाखवावा लागतो, आणि तुमचे आजोबा सदाशिव पेठेत होते. गायरान मोकळं दिसतं, पण त्यावर गावातल्या दोन-चार घरांचा आधीपासून डोळा असतो. तुम्ही तिथं पाल ठोकलं तर ग्रामपंचायतीच्या आधी तेच लोक येतील.

विकत घ्यायची म्हटलं तर शेतकरी नसलेल्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. आपल्याकडं त्याला हैदराबादच्या काळातला १९५० चा कुळवहिवाट कायदा लागू आहे. सातबारा नीट वाचा. ‘भोगवटादार वर्ग २’ दिसलं, किंवा देवस्थान इनाम, खिदमतमाश, मदतमाश असे शब्द दिसले की विसार देऊ नका. वर्ग २ ची जमीन सरकारच्या परवानगीशिवाय विकता येत नाही, बाकीचे जुने इनाम आहेत, तेही आपल्या मनानं विकता येत नाहीत, आणि दलाल ज्याला ‘स्वस्तातली डोंगराकडची जमीन’ म्हणतो ती पुष्कळदा यातलीच निघते. मी म्हणेन विकत घेऊच नका. शेड आणि रस्ता असलेलं कुणाचं तरी पडीक रान वर्षाच्या ठोक्यानं, म्हणजे ठरलेल्या एकरकमी भाड्यानं घ्या, स्टँप पेपरवर लिहून घ्या, आणि त्या घरातल्या म्हाताऱ्या माणसाला एकदा भेटून या. व्यवहार पोराशी झालेला असतो आणि रान म्हाताऱ्याच्या नावावर असतं.

जागा बघायला श्रावण-भाद्रपदात येऊ नका. तेव्हा कपिलधार, सौताडा धो धो वाहतात, माळावर गुडघाभर गवत असतं, आणि माणूस गाडीतून उतरल्या उतरल्या पैसे काढतो. मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात या, दुपारी दोनला, पारा बेचाळीसच्या पुढं असताना. लिंबाखाली बसा आणि किती वेळ बसवतं ते बघा. एखादा शेळ्यावाला भेटला तर जनावरं आत्ता कुठं पाजतो तेवढं विचारा. तो जिकडं हात करील तिथपर्यंत एकदा रिकामी घागर घेऊन चालत जा, आणि भरून परत या.

घर मुरमाड जागी हवं. काळी माती पिकाला चांगली, पण जुलैत तिच्यातून मोटारसायकल जात नाही, बैलगाडीही रुतते. रात्री छातीत दुखायला लागलं तर तो अर्धा किलोमीटर चिखल तुमच्या आणि गाडीच्या मध्ये असतो. मी नोकरीत असताना बाळंतिणीला बाजेवर घालून चौघांनी अशा रानातून आणलेलं आहे. तुमची बाज उचलायला चौघं कुठले, हेही जागा बघतानाच ठरवा.

पाणी

सरासरी पाऊस आमच्याकडं साडेसहाशे-सातशे मिलिमीटर, आणि तो बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर. एक चौरस मीटर छतावर एक मिलिमीटर पडला की एक लिटर पाणी. दहा बाय बारा फुटांचं पत्र्याचं छत म्हणजे अकरा चौरस मीटर. ६५० मिलिमीटरला ७,१५० लिटर झाले. पहिल्या सरी पत्रा धुण्यात जातात, काही पन्हाळीवरून उडून जातं, म्हणून पाचवा हिस्सा सोडून द्या. ५,७०० लिटर हातात राहिले. आता खर्च. ऑक्टोबर ते मे म्हणजे साधारण २४० दिवस. रोज २० लिटर म्हटले तर ४,८०० लिटर. थोडक्यात, पावसाळ्यातला रोजचा खर्च दुसऱ्या पाण्यावर भागवून टाकी भरू दिली तर दहा बाय बाराचं छत आणि पाच हजार लिटरची टाकी यावर एक माणूस निभतो.

२० लिटर म्हणजे किती थोडं ते शहरातल्या माणसाला कळत नाही. सरकार जलजीवन मिशनमध्ये माणशी ५५ लिटर धरतं. माझी वाटणी अशी: उन्हाळ्यात प्यायला पाच, स्वयंपाक आणि भांड्यांना पाच, उरलेल्या दहात आंघोळ, कपडे आणि संडास. भांडी राखेनं घासायची, त्यांचं पाणी शेवग्याच्या बुडाला टाकायचं. आंघोळ तांब्या मोजून.

टाकीत उतरवायला मी वेगळा बांबू ठेवलाय. त्यावर खिळ्यानं खाचा केल्यात, एक खाच म्हणजे पाचशे लिटर. दर सोमवारी सकाळी, ऊन चढायच्या आत, तो धुवून टाकीत उभा करते आणि ओल कुठपर्यंत चढली ते बघून भिंतीवरच्या कॅलेंडरात लिहिते. बांबू लगेच बघावा लागतो, उन्हाळ्यात ओल दोन मिनिटांत उडते. जानेवारी संपताना टाकी निम्मी असायला हवी. पाचवी खाच कोरडी राहिली तर त्या दिवसापासून आंघोळ एक दिवसाआड. एप्रिलमध्ये काटकसर सुरू करणाऱ्याचं काही खरं नाही.

हा सगळा हिशोब सरासरी पावसाचा, आणि मराठवाड्यात सरासरी पाऊस पडेलच असं कुणी सांगू नये. २०१४ आणि २०१५ अशी लागोपाठ दोन वर्षं पाऊस हटला, आणि २०१६ च्या एप्रिलात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. जिथं शहराची ही गत तिथं माळावरच्या एकट्याला कोण टँकर पाठवतो? टँकर गावाला येतो, वस्तीला येतो, सातबाऱ्यावर नाव नसलेल्या पाहुण्याला येत नाही. म्हणून ज्याच्या विहिरीला मेपर्यंत पाणी असतं असा एक शेतकरी आधीच बघून ठेवा आणि त्याच्याशी संबंध ठेवा. लागेल तेव्हा तोंड दाखवलं तर तोही तोंड फिरवील.

बोअर घेऊ म्हणणारे पुष्कळ. आमचा खडक काळा, थरांचा. पाणी वरच्या झिजलेल्या थरात आणि भेगांत असतं, त्याखाली पाचशे फूट गेलात तरी धुरळाच निघण्याची शक्यता. लागलंच तर आधी तपासून घ्या, खोल बोअरच्या पाण्यात फ्लोराइड असू शकतं. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेची प्रयोगशाळा जिल्ह्याला असते, बाटली तिथं द्यायची. फ्लोराइड उकळून जात नाही.

पावसाचं पाणीही दुहेरी सुती कापडातून गाळा. प्यायचं वेगळं काढून उकळा, किंवा क्लोरीनचे थेंब टाका. बाटलीवर लिहिलेत तेवढेच टाकायचे आणि अर्धा तास थांबायचं. टाकीला घट्ट झाकण आणि पन्हाळीच्या तोंडाला जाळी हवीच. रांजण, हौद, बादली आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामी करून घासायची. ‘कोरडा दिवस पाळा’ असं मी आख्खी नोकरी दारोदार सांगत फिरले, आता स्वतःला सांगते. डेंगीचा डास स्वच्छ साठवणीच्या पाण्यातच वाढतो.

माळवदाचं, म्हणजे सपाट मातीच्या छताचं घर थंड असतं, मला विचाराल तर आपल्या हवेला तेच घर. पण त्याची पांढरी माती दरसाल बघावी लागते आणि त्यावरून चांगलं पाणी धरता येत नाही. म्हणून मी पत्रा घेतला. मार्चमध्ये त्यावर तुराट्यांचा जाड थर पसरायचा, मृगाच्या आधी काढून पत्रा धुवायचा. थोडं ऊन त्यानं अडतं. दुपारी बारा ते चार मात्र लिंबाखालीच.

पोट

रानात काहीतरी खायला मिळतंच, ही समजूत पावसाळ्यातल्या सहलींनी करून दिलीय. ख्रिस मॅककँडलेस नावाचा चोवीस वर्षांचा अमेरिकन मुलगा १९९२ साली अलास्काच्या रानात एकटा गेला. बरोबर साडेचार किलो तांदूळ, एक बंदूक आणि रानवनस्पतींची माहिती. ऑगस्टमध्ये एका टाकून दिलेल्या बसमध्ये तो उपासमारीनं गेला. सापडला तेव्हा वजन तीस किलोच्या आसपास होतं. जुलैत त्यानं परत निघायचं ठरवलं होतं, पण येताना पायी ओलांडलेली नदी बर्फ वितळून फुगली होती. तिथून किलोमीटरभराच्या आत नदीवर हातानं ओढायचा पाळणा होता, पण त्याच्याकडं बारीक नकाशाच नव्हता. बहुतेकांना या गोष्टीत त्याचं धाडस दिसतं. मी आयुष्यभर लेकरांची वजनं केली, मला ते तीस किलो दिसतात.

आमच्याकडं पहिल्या पावसानंतर तरोटा, तांदुळजा, कुर्डू, घोळ, पाथरी, आणि नशीब असलं तर करटुली. मजा असते. पण शंभर ग्रॅम पालेभाजीत जेमतेम तीस-चाळीस कॅलरी. कष्ट करणाऱ्याला दिवसाला दोन-अडीच हजार लागतात, नुसत्या पाल्यावर राहायचं तर रोज पाच ते आठ किलो खावा लागेल. सीताफळ दिवाळीच्या सुमाराला, बोरं थंडीत, करवंदं मेच्या शेवटाला, चिंच-कवठ मधल्या काळात. तोंडाला चव म्हणून ठीक. ससा-तितराची शिकार हा गुन्हा आहे, तुरुंगात जायचं असेल तर करा. तिथं एकटं राहता येत नाही.

म्हणून धान्य भरा. ज्वारी रोज अर्धा किलो धरली तर वर्षाला पावणेदोन ते दोन क्विंटल. डाळी पंचवीस किलो. तेल महिन्याला एक किलो. मीठ वर्षाला तीन-चार किलो, आयोडीनचंच. गूळ, शेंगदाणे, जवस, कारळं, लाल मिरची. चहापत्तीही भरा. ज्वारी नवी घेऊन दोन-तीन कडक उन्हं दाखवायची आणि पत्र्याच्या कोठीत लिंबाचा वाळलेला पाला घालून झाकायची. कोठी झोपायच्या खोलीत ठेवू नका. धान्याला उंदीर येतो आणि उंदराला साप येतो.

मी स्वतः पिकवून खाईन म्हणता? पिकवा. मालदांडी कोरडवाहूत एकरी चार-पाच क्विंटल देते, एकट्याला उरून पुरते. पण ज्वारी हुरड्यात आली की दिवसा पाखरं आणि रात्री रानडुकरं. दिवसा गोफण फिरवायची, रात्री माळ्यावर डबा वाजवत बसायचं, आणि मग काढणी, खुडणी, मळणी. एका माणसाचं हे काम नाही, कधीच नव्हतं, म्हणून तर वारंगुळा आणि इर्जिक, म्हणजे एकमेकांच्या रानात मिळून राबणं, निघाली. दुसऱ्याच्या रानात दोन दिवस राबायची तयारी असेल तरच स्वतःचं पेरा. माझ्यापुरतं सांगायचं तर मी भाजीचे वाफे, शेवगा आणि चार कोंबड्या यावर थांबले. ज्वारी बाजारातून आणते.

दिवाळीनंतर गाव रिकामं होतं

ही गोष्ट बाहेरच्या माणसाला कधीच माहीत नसते, आणि बीड जिल्ह्यात एकटं राहणाऱ्याला सगळ्यात जास्त हीच नडते.

दसरा झाला की मुकादमाची उचल घेतलेली जोडपी ट्रॅक्टरवर संसार चढवतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. सातारा, सांगली, कोल्हापूर, सोलापूर, पलीकडं कर्नाटक. तिकडं फडाजवळ कोप्या घालून साखर कारखान्यांसाठी सहा महिने ऊस तोडतात आणि कारखाना बंद झाला की पाडव्याच्या आगेमागे परत येतात. आमच्या आसपासच्या तांड्यांवर आणि वाड्यांवर त्या सहा महिन्यांत म्हातारी माणसं, शाळेतली लेकरं आणि कुत्री राहतात. तुम्ही माणसांपासून तीन किलोमीटर लांब राहायचं ठरवलं, आणि नोव्हेंबरात ती माणसं तिथून तीनशे किलोमीटरवर गेली. पाणी याच काळात उतरतं, शेडची दुरुस्ती याच काळात निघते. खांब धरायला, टाकी हलवायला, मोटारसायकलवर मागं बसवून दवाखान्यात न्यायला हाताशी कुणी तरणं नसतं.

तेव्हा अंगमेहनतीची सगळी कामं दसऱ्याआधी उरका. जळण फोडून रचून ठेवा. दार, कडी, छताचे हूक बघून घ्या. आणि राहिलेल्या म्हाताऱ्यांशी ओळख करून घ्या, तेच तुमचे सहा महिन्यांचे शेजारी. त्यांना तुमचा उपयोग असतो. मोबाईलवर पोराला फोन लावून देणं, गोळ्यांच्या पाकिटावरचं वाचून सांगणं, निराधार योजनेचे पैसे आले का बघायला बँकेत सोबत जाणं. मी बीपी मोजते. एका म्हाताऱ्या नाईकांना मी दर आठवड्याला बीपी सांगते आणि ते मला दर वेळी एकच प्रश्न विचारतात, "सिस्टर, कारखाना कधी बंद व्हायलाय?"

एक खूण ठरवून ठेवा. माझ्या दारापुढच्या खांबावर एक काळं मडकं आहे. सकाळी उठले की मी ते उपडं घालते, दिवस मावळताना सरळ करते. तांड्यावरचा एक शेळ्यावाला नऊच्या सुमाराला बांधावरून जातो. मडकं सरळच दिसलं तर त्यानं आत यायचं, एवढंच ठरलंय. मागं मला सडकून ताप होता, उठवत नव्हतं. नऊला दारात आवाज, "सिस्टर, मडकं सरळच हाय, काय करायलात?" मोबाईल आहे, पण तापात मोबाईल चार्जिंगला लावायची शुद्ध नसते. मडक्याला चार्जिंग लागत नाही.

अमेरिकेतच, मेन राज्यात, क्रिस्टोफर नाइट म्हणून एक जण १९८६ मध्ये विशीत असताना रानात शिरला आणि सत्तावीस वर्षं तिथं राहिला. त्यानं सांगितलं की एवढ्या काळात वाटेत भेटलेल्या कुणालातरी एकदा ‘हाय’ म्हणालो, बाकी बोलणं नाही. २०१३ मध्ये पकडला गेला तो चोरी करताना. आसपासच्या सुट्टीच्या घरांत सुमारे हजार वेळा शिरून त्यानं अन्न, कपडे, बॅटऱ्या, गॅसच्या टाक्या नेल्या होत्या. म्हणजे गावावरच जगला, फक्त गावाला न विचारता. आमच्याकडं महानुभाव साधू सात-आठशे वर्षं एकांताची भाषा बोलत आलेत, पण भिक्षेला गावात जायचं हा त्यांचा नेम. मला हा मार्ग बरा वाटतो. निदान दार वाजवून मागितलेलं असतं.

साप, विंचू आणि बाकीचे

बिबट्याची भीती सगळ्यांना असते. २०२० च्या नोव्हेंबरात आष्टी तालुक्यात बिबट्यानं माणसं मारली, खोटं नाही. अंधारात एकटं वाकून बसायचं नाही, संडास दाराजवळ हवा, कुत्रं रात्री आत घ्यायचं. एवढं पाळा आणि बिबट्याला विसरा. मी नोकरीत जी मेलेली माणसं पाहिली ती सापाची.

मुख्य विषारी चार: नाग, मण्यार, घोणस, फुरसं. घोणस आणि फुरसं चावलं की कळतं, आग होते, सूज चढते. मण्यार वेगळी. ती रात्री घरात येते, जमिनीवर झोपलेल्याला चावते, आणि चावा मुंगीसारखा, कधी खूणही दिसत नाही. माणूस पहाटे पोटात दुखतंय म्हणून उठतो. मग पापण्या जड होतात, उघड म्हटलं तरी उघडत नाहीत. मग गिळता येत नाही, मग श्वास. एकट्याला तर पापण्या पडल्यात हे सांगणारंही कुणी नसतं. म्हणून जमिनीवर झोपायचं नाही. पायांची बाज, भिंतीपासून हातभर सरकवलेली, आणि मच्छरदाणी गादीखाली चारही बाजूंनी खोचलेली. मच्छरदाणी डासांपेक्षा मण्यारीसाठी महत्त्वाची. रात्री पाय खाली टाकायच्या आधी बॅटरी. जळणाला, कडब्याला, दगडाला आधी काठी लावायची, मग हात.

चावलंच तर कापायचं नाही, चोखायचं नाही, आवळून बांधायचं नाही. अंगठी-कडं काढा, चावलेला हात किंवा पाय फळीला सैलसर बांधून स्थिर ठेवा, १०८ ला फोन करा, आणि चालत निघू नका. प्रतिसर्पविष सरकारी दवाखान्यात फुकट असतं आणि एकच लस या चारही सापांवर चालते, म्हणून साप मारून नेण्याची गरज नाही. तिथं डॉक्टर काय करतात तेही सांगते, म्हणजे घाबरणार नाही. थोडं रक्त कोरड्या काचेच्या नळीत घेऊन वीस मिनिटं न हलवता ठेवतात. मग नळी हळूच तिरपी करतात. रक्ताची गुठळी झाली असेल तर ती नळीला धरून राहते. झाली नसेल तर रक्त पाण्यासारखं वाहत काठाला येतं, आणि तेव्हा समजायचं की घोणशीचं किंवा फुरशाचं विष आत गेलंय. मण्यारीत रक्त नेहमीसारखं गोठतं, तिथं पापण्या बघायच्या आणि श्वासाचं यंत्र असलेल्या ठिकाणी पळवायचं. आमच्यासाठी ते अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालय. तुम्ही जिथं जागा घ्याल तिथून असं ठिकाण किती मिनिटांवर आहे ते दिवसा आणि रात्री दोन्ही वेळा मोजा. माझं मत असं की दीड तासाच्या पलीकडं असेल तर ती जागा सोडा, कितीही सुंदर असो.

लाल विंचू लहान दिसतो, पण हृदयावर जातो. दरदरून घाम, उलटी, हातपाय गार पडले तर उतारा-मंत्र करत बसू नका. प्राझोसिन नावाच्या गोळीनं यातली माणसं वाचतात हे जगाला दाखवणारे डॉ. हिंमतराव बावस्कर आपल्या जालना जिल्ह्यातले. गोळी डॉक्टरांच्या हातूनच घ्यायची, रक्तदाब बघावा लागतो. बूट झटकून घाला. कुत्रं किंवा कोल्हं चावलं तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा, वीस लिटरचा हिशोब त्या दिवशी विसरा, आणि त्याच दिवशी लस घ्या.

उन्हाळ्यात एक लिटर पाण्यात सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, छोटे चमचे. लघवी पिवळीधमक झाली की पाणी कमी पडतंय.

डोकं

पहिले दोन महिने मजेत जातात. तिसऱ्या-चौथ्यात बघायचं. माझ्याकडं येऊन गेलेल्यांपैकी जे टिकले नाहीत ते भुकेनं किंवा भीतीनं परत गेले नाहीत. आधी स्वयंपाक करणं सुटतं, मग आंघोळ, मग रात्रीची झोप दिवसा सरकते, मग बांधावरून जाणारा प्रत्येक माणूस आपल्यावर नजर ठेवतोय असं वाटायला लागतं. दारूची सवय असलेल्याची तर ती दुप्पट होते, थांब म्हणणारं कुणी नसतं.

रोज गरम भाकरी थापायची, शिळं दोन वेळा नाही. दिवस कोणता ते कॅलेंडरात खोडायचं. रेडिओ ठेवा, माझ्याकडं परभणी केंद्र लागतं, बातम्या नकोत तर बाजारभाव ऐका. आणि काहीही लागत नसलं तरी आठवडी बाजारात जायचं. मीठ आहे, तेल आहे, तरी जायचं. तिथं भाजीवाली "काय सिस्टर, वाळलात की" म्हणते तेव्हा मी घरी येऊन वजन करते. शेडात आरसा आहे, पण आरशात रोज बघणाऱ्याला वाळलेलं कळत नाही.

बायांसाठी एक वेगळं. एकटी बाई माळावर राहते म्हटल्यावर संध्याकाळी प्यायलेली एक-दोन डोकी चक्कर मारून बघतात. पहिल्याच आठवड्यात सरपंच, पोलीस पाटील आणि तांड्यावरच्या थोरल्या बाईला भेटून या, चहाला बोलवा. चार बायका तुमच्या शेडात बसून गेल्या ही बातमी गावभर होते आणि पुढचं बरंचसं आपोआप मिटतं. दाराला आतून आडणा हवाच.

सुरुवात कशी करायची

मेमध्ये आठ दिवस येऊन राहा, तंबू न आणता, कुणाच्या तरी शेडात, रोज २० लिटरवर. फोन बंद करू नका, फक्त वापरू नका. बघा जमतंय का. नंतर जुलैत पंधरा दिवस, चिखल आणि डासांसकट. मग दिवाळीनंतर, गाव रिकामं झाल्यावर, एक महिना. या तिन्हींत जे निभले त्यांनाच मी ठोक्याचं रान दाखवायला घेऊन जाते. राजीनामा, फ्लॅट भाड्यानं देणं वगैरे तोपर्यंत थांबू शकतं.

येताना मच्छरदाणी, जाड बूट, चांगली बॅटरी, सोलरचा छोटा दिवा, क्लोरीनची बाटली, तुमच्या रोजच्या गोळ्या दोन महिन्यांच्या, आणि रक्तगट व घरच्यांचा नंबर लिहिलेला कागद आणा. तो कागद दाराच्या आतल्या बाजूला चिकटवायचा. चाकू आणला तरी चालेल, कांदा चिरायला होतो. आणि शनिवारी येऊ नका, त्या दिवशी मी तांड्यावर बीपी मोजायला जाते.